भाचीचा रिकामा डबा

माझी बहीण गेली तेव्हा भाची दुसरीत होती. तापाचं निमित्त झालं आणि आठवड्याभरात सगळं संपलं. मेहुणे मोताळा तालुक्यात भाजीपाला पिकवतात. वांगी, मेथी, भेंडी, हंगामात कोथिंबीर. माल धामणगाव बढे इथल्या बाजारात जातो. घरात ते, त्यांची आई आणि ही मुलगी, एवढीच माणसं उरली.

भाचीच्या शाळेत घरून डबा न्यावा लागे. डब्याबाबत शाळेचे नियम ठरलेले होते. पाकिटातला खाऊ चालत नसे. डबा स्टीलचा, सोबत कापडी रुमाल. पोळी किंवा भाकर, एक भाजी आणि शक्य असेल तर काकडी-गाजर. जेवणाआधी हात धुवायचे आणि अन्न टाकायचं नाही. ज्याचा डबा रिकामा, त्याच्या नावापुढे वर्गातल्या फळ्यावर चांदणी निघे. नियम चांगले होते. आजही त्यात मला काही चूक दिसत नाही.

म्हातारीच्या हाताला कंप होता, त्यामुळे डबा मेहुणे करू लागले. सकाळी भाजी तोडून झाली की ते चुलीजवळ बसत. सुरुवातीला पोळ्या जमत नव्हत्या. आई त्यांना म्हणे, अशी पोळी तं बैल बी पहिले हुंगून पाह्यते. भाची म्हणे, बाबा, आजच्या पोळीले कान फुटले. मेहुणे हसत आणि तीच पोळी घडी करून डब्यात ठेवत. संध्याकाळी दप्तरातून डबा निघे तो स्वच्छ. भाजीचा कण नसे. बायको गेल्यानंतर त्या घरात मनासारखी होणारी गोष्ट ती एकच होती. फोनवर ते मला शेतीचं सांगत नसत, डब्याचं सांगत. आज मोठाली वांगी भरून दिली होती, तीही संपवली म्हणे.

मी नोकरीनिमित्त बुलढाण्याला असतो. काही महिन्यांनी गावी गेलो तेव्हा मुलगी दारात उभी होती. गणवेशाच्या बाह्यांमधून हात काड्यांसारखे दिसत होते. शाळेत वजन झालं होतं आणि ते आधीपेक्षा कमी भरलं होतं. मेहुण्यांनी तिला डॉक्टरांना दाखवलं होतं, जंताचं औषध झालं होतं, टॉनिक चालू होतं. म्हातारीनं दोनदा दृष्ट काढली होती. मेहुणे पुन्हा पुन्हा एकच सांगत होते, डबा तं पुसल्यासारखा येते, भाऊ.

रात्री ती जेवायची, पण लवकर झोप येई आणि अर्ध्यावर उठायची. दुपारचं पोटभर झालं असेल, असं घरात सगळे धरून चालले होते.

दुसऱ्या दिवशी मी आणि मेहुणे शाळेत गेलो. वर्गशिक्षिका बाईही बुचकळ्यात होत्या. मुलगी शहाणी आहे, चांदण्या तिच्याच नावापुढे सर्वात जास्त आहेत, असं त्यांनी सांगितलं. मग त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आम्ही तिघं तिला दिसणार नाही अशा बेतानं व्हरांड्याच्या कोपऱ्यावर उभे राहिलो.

मुलं लिंबाखाली गोल करून बसली. भाचीनं डबा उघडला, मैत्रिणीला एक घास दिला, तिचा एक खाल्ला. मग हात धुवायला जाते असं सांगून डबा घेऊन ती खोल्यांच्या मागे गेली. आम्ही हळूच मागून गेलो. तिथं कुंपणाची बुटकी भिंत आहे. तिनं रुमाल भिंतीवर पसरला, पोळीचे बारीक तुकडे केले, त्यावर भाजी ठेवली आणि चार पावलं मागं सरून हात जोडून उभी राहिली. कावळे आधीपासूनच येऊन बसले होते. त्यांना वेळ माहीत झाली होती. सगळं संपेपर्यंत ती हलली नाही. मग रुमाल झटकला आणि नळावर जाऊन डबा धुतला.

बहिणीच्या दहाव्याला नदीवर पिंड ठेवला तेव्हा कावळा बराच वेळ शिवला नव्हता. माणसं उन्हात ताटकळली होती. कोणी म्हणालं, तिचा जीव पोरीत अडकला. मग मेहुण्यांनी हात जोडून, पोरीची काळजी करू नको, असं म्हटलं. कावळा उतरला. म्हातारीनं नातीला जवळ घेऊन सांगितलं की आता तुझ्या आईला पोचलं. भाची वडिलांच्या मांडीला टेकून हे सगळं पाहत होती. ती काय समजली असेल, हे त्या दिवशी कोणाच्या डोक्यात आलं नाही.

मेहुणे नळापाशी गेले आणि तिच्यासमोर खाली बसले.

"काऊन व माय, सारा डबा त्यायले काऊन देते?"

"त्यायले नाई, बाबा. आईले देतो."

"अन् तू?"

"मले रात्री भेटते ना. तिले कुठी भेटते?"

मेहुण्यांनी तिच्या हातातला ओला डबा घेतला आणि आपल्या सदऱ्याला पुसत राहिले. डबा कोरडा झाला तरी पुसत होते. बाई वर्गात निघून गेल्या.

घरी म्हातारीनं तिला समजावलं की मेलेल्या माणसाला एक घास पुरतो, रोज द्यावाही लागत नाही. मुलीनं विचारलं, एका घासात आईचं पोट कसं भरते? म्हातारी चुलीकडे वळली.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी मेहुणे शेतातून शाळेत जाऊ लागले. बाईंनी परवानगी दिली. दोघं भिंतीपाशी बसत. एक घास भिंतीवर ठेवत आणि मग एका डब्यात जेवत. पहिले काही दिवस ती वडिलांच्या तोंडाकडे पाहत बसे, ते खातात की नाही ते बघत. ते खाऊ लागले की ती खाई. तिचं वजन हळूहळू वाढलं.

मग एका संध्याकाळी त्यांचा फोन आला. त्या दिवशी बाजार होता, त्यांना शाळेत जाता आलं नव्हतं. मुलीला भूक लागली होती. मैत्रिणींबरोबर बसून तिनं सगळा डबा खाल्ला आणि भिंतीवर घास ठेवायचा राहून गेला. घरी आल्यावर आठवलं.

"पोटभर जेवली, भाऊ," ते म्हणाले. "तवापासून रडून राह्यली."