वीतभर समुद्र

ते पुस्तक आमच्या घरात आलं जुन्या फ्रॉकांच्या गाठोड्यातून. शेठाणीबाई दिवाळीनंतर त्यांच्या मुलांचे तोकडे झालेले कपडे कारखान्यातल्या लोकांना देतात, तसे ते ह्यांनी आणले, आणि मी गाठ सोडली तर मधे हे भलंमोठं पुठ्ठ्याचं पुस्तक, माझ्या मुलीच्या छातीपर्यंत येईल एवढं. मला वाटलं चुकून आलं, आता परत मागतील, म्हणून मी ते उघडलंच नाही, पेटीच्या मागे उभं करून ठेवलं. मग हे विचारून आले. शेठाणी म्हणाल्या, राहू द्या, आमची पोरं मोठी झाली.

जगाचे नकाशे होते त्यात, पण शाळेत भिंतीला असतात तसे नव्हेत. मी तिसरीपर्यंत शिकले. आमच्या शाळेत एकच नकाशा, त्यालाही कसर लागलेली, आणि गुरुजी छडीनं दाखवायचे तेव्हा माझं सगळं लक्ष छडीकडे. ह्या पुस्तकात देशादेशावर चित्रं. वाळूत उंट, बर्फात काळा कोट घातल्यासारखे पक्षी, एका ठिकाणी पोटाच्या पिशवीतून पिल्लू बाहेर बघतंय. समुद्रात शिडाची गलबतं. अक्षरं गुजराती, ती मला अर्धीच येतात, आपल्यासारखीच असतात पण वरची रेघ नसते, डोक्यावरचा पदर घसरल्यासारखी दिसतात मला. वाचता येईना तिथं मी मुलीला चित्रावरून सांगायचे. हा उंटाचा देश. हा थंडीचा देश. हा पिशवीवाल्या आईचा देश. तिला तेवढं पुरायचं आणि खरं तर मलाही.

आमची खोली बमरोलीच्या रस्त्याला, मागच्या भिंतीला लागून साचे, म्हणजे कापडाचे माग. दिवसभर खटाक खटाक. भिंतीला हात लावला तर हातालाही ऐकू येतं. दुपारची जेवणं झाली की मी धागे कापायला बसते, मागावरून उतरलेल्या साडीला उलट्या बाजूनं सुटे धागे लोंबतात ते कातरीनं काढायचे. मुलगी शेजारी पालथी पडून पुस्तक उघडायची, मग थोड्या वेळानं मीही साड्यांच्या ढिगाला टेकून तिच्या डोक्यावरून बघायचे, डोळे जड व्हायचे, आणि साच्यांचा आवाज लांब लांब जाऊन समुद्राचा व्हायचा. मी समुद्र पाहिलेला नव्हता. डुमसचा किनारा इतका जवळ, सगळी चाळ जाऊन आली, मी नाही गेले, गर्दीत मूल हरवेल म्हणून. पण त्या दुपारी आम्ही दोघी तरंगत असायचो, साड्या अंगाखाली, गुलाबी, मोरपंखी, आणि कुठं लागायचं त्याची काळजी नाही.

मी भित्री आहे. सडक ओलांडायची तर कोणी ओलांडतंय का त्याची वाट बघते आणि त्याच्या मागे पळते. लग्न होऊन सुरतेला आले तेव्हा गाडीत सगळा वेळ ह्यांच्या सदऱ्याचं टोक मुठीत धरून बसले होते, आणि उतरल्यावर ते टोक चुरगळलेलं बघून हे म्हणाले, "इस्त्री तूच करशील आता."

तर एका संध्याकाळी हे आले आणि सदरा न काढता तसेच पाटावर बसले. हे साचे बसवतात, बिघडले तर दुरुस्त करतात, सगळे ह्यांना मिस्त्री म्हणतात.

"शेठच्या मेहुण्यानं आफ्रिकेत साचे टाकलेत," हे म्हणाले. "बसवायला माणूस पाहिजे. दोन वर्षं."

"कोण चाललंय मग?" मी विचारलं. खरंच मला कळलं नव्हतं.

हे माझ्याकडे बघत राहिले. तव्यावर भाकरी करपली ती मी उलथली सुद्धा नाही.

"तू नको म्हणालीस तर नाही जाणार," हे म्हणाले. "रविवारी शेठला सांगायचंय. तुझ्यावर आहे."

माझ्यावर. माझ्यावर कोणी कधी काही टाकलंच नव्हतं, भाजीसुद्धा हेच आणायचे. मी नाही म्हणाले तर ह्यांचे हात कायम इथले जुनेच साचे ठोकत बसणार, आणि हो म्हणाले तर ह्या खोलीत मी आणि चार वर्षांची पोर.

शेजारच्या मासी ओट्यावर पापडीच्या शेंगा सोलत होत्या, सुरतीच बाई, तोंडानं फटकळ. मी त्यांना विचारलं, "मासी, आफ्रिकेत सिंह असतात ना?"

"मारो दियर त्यांज छे," मासी म्हणाल्या, त्यांचा दीर तिथंच असतो. "आज सुधी सिंह जोयो ते फोटामां. अने तारा वरने सिंह शुं खाय? हाडकां?"

त्यानं आजवर सिंह पाहिला तो फोटोतच, आणि ह्यांचं सिंह खाणार काय, हाडं? हे आहेत जरा किरकोळ. सगळा ओटा हसला.

"पण लांब किती आहे हो?"

"बोटमां बेसे एटले पोंचे," मासी म्हणाल्या. बोटीत बसलं की पोचतं माणूस. झालं, विषय संपला त्यांचा.

मग मी पुस्तकाला विचारलं. दुपारी मुलगी पोंक खात बसली होती, आपला हुरडा, थंडीत इथं त्याला पोंक म्हणतात. भारताच्या पानावर शेठच्या मुलानं सुरतेला पेनानं ठिपका केलेला होता. माझं माहेर तापीवरच आहे, जळगावकडे, तेच पाणी वाहत वाहत इथं येतं, म्हणून निळी रेघ धरून मागे मागे गेले आणि अंदाजानं बोट ठेवलं. मुलीनं सुरतेवर पोंकाचा एक दाणा ठेवला, आजीच्या गावावर एक. मी साडीतला निघालेला धागा मधे धरला. दोन बोटं भरला. एवढ्याला गाडीनं अर्धा दिवस लागतो.

मग मोठ्या समुद्राचं पान काढलं. ते जोडपान आहे, डावीकडे आफ्रिका, तिच्यावर जिराफ आणि पसरलेला सिंह, उजवीकडे आपला देश, आणि मधे जिथं पुस्तक शिवलंय तिथं देवमासा. इथंही सुरतेला पेनाचा ठिपका होता. धागा ठिपक्यापासून पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत नेला, बरोबर एक वीत. वीत म्हणजे बारा बोटं, हे शाळेतलं नाही, माझ्या आईनं चोळी बेतताना शिकवलेलं. बारा बोटं म्हणजे माहेरासारखी सहा माहेरं. सहा अर्धे दिवस, म्हणजे तीन दिवस. मी परत मोजलं. तीन. माहेराहून टाकलेलं कार्ड यायलाही एवढे लागतात.

माझ्या छातीवरचं काहीतरी उतरलं. संध्याकाळी ह्यांचा पाय आत पडला तसं मी म्हणाले, "जा तुम्ही."

"घाबरली नाहीस?"

"वीतभर तर आहे."

हे हसले, आणि रविवारी हो सांगून आले.

त्यानंतरचे दिवस मला अजून स्वप्नासारखे वाटतात. ह्यांचे कागद होत होते, आणि मी बाजारात एकटी जायला लागले. सडक ओलांडायला लागले, कोणाच्या मागे न पळता. पिठाच्या गिरणीवाल्याशी भांडले सुद्धा, त्यानं दुसरीचं दळण माझ्या डब्यात घातलं म्हणून. मासी म्हणाल्या, "आ कोण आवी?", ही कोण आली आता? डोळे मिटले की जिराफ दिसायचा, आणि हे त्याच्या पायांमधून डबा घेऊन कामाला निघालेत.

पोंक संपत आला होता. मी धागे कापत होते, मुलगी समुद्राच्या पानावर दाणे मांडत होती.

"आई, आजीचा दाणा बसत नाही."

"बसव ना, सुरतेच्या उजव्या हाताला."

"तिथं तर सुरतच आहे."

मी वाकून बघितलं. तिनं सुरतेचा दाणा ठेवला होता, आणि त्या एका दाण्याखाली सगळं गेलेलं, तापीची रेघ, जळगाव, माझं माहेर. दुसरा दाणा ठेवायला गेलं की पहिल्यावर चढत होता. मी भारताचं पान काढलं, तिथं दोन दाण्यांमधे ऐसपैस दोन बोटं. परत समुद्राचं पान, तिथं जागाच नाही. एका पानावर देश मोठा काढलाय आणि दुसऱ्यावर लहान, आणि मी दोन्हीकडे एकच बोट लावलं. इथं अर्धा दिवस म्हणजे अर्धा दाणा. मग वीतभर म्हणजे किती ते मी मोजायला गेले आणि माझा श्वास पुरेना.

हे आले आणि नवीन पेटीचं कुलूप लावून बघायला लागले. मी पुस्तक पुढ्यात ठेवलं. "अहो, मी चुकीचं मोजलं."

दोन्ही पानं दाखवली, दाणे ठेवून दाखवले. ह्यांनी धागा हातात घेतला, बोटाला गुंडाळला, सोडला.

"म्हणजे तू खरंच मोजून हो म्हणालीस?"

"मग?"

"मला वाटलं, मला धीर द्यायला म्हणतेस." हे पेटीवर बसले. "मी त्याच्यावरच शेठला हो म्हणालो. म्हटलं, हिला भीती नाही तर मला कसली."

तेव्हा मला कळलं की ह्यांनाही भीती वाटते. इतकी वर्षं मी ते सदऱ्याचं टोक धरून होते आणि मला ठाऊक नव्हतं.

"किती दिवस लागतात मग?" मी विचारलं.

"दहा-बारा म्हणतात. वाऱ्यापाण्यावर आहे." मग खाली बघून म्हणाले, "उद्या सांगून येतो. नाही जमत म्हणून."

पलीकडे पाळी बदलत होती, साचे थांबले होते. ती शांतता आम्हाला सवयीची नाही. मुलगी दाणे उचलून खात होती. मला गिरणीवाल्याचं तोंड आठवलं, आणि सडक. हिशोब खोटा होता, पण सडक ओलांडली ते पाय माझेच होते.

"नका सांगू," मी म्हणाले. "जा."

"आणि भीती?"

"ती राहील माझ्याजवळ. तिला कुठं बोटीत बसायचंय."

हे गेले. मुंबईपर्यंत पोचवायला मी नाही गेले, तेवढं नाही जमलं. मुलगी आता पुस्तक उघडं ठेवून उठत नाही. समुद्राचं जोडपान मिटते, वर तळहात दाबून धरते, कारण मिटलं की आफ्रिकेचं पान आपल्या पानावर टेकतं आणि देवमासा घडीत जातो. "आता लागलं," म्हणते. सुरतेवर पोंकाचा हिरवट डाग पडलाय, तो निघत नाही.

मागच्या रविवारी मी तिला घेऊन मासींबरोबर डुमसला गेले. तिचं मनगट मी इतकं घट्ट धरलं होतं की ती रडकुंडीला आली. वाळू काळी, पाणी गढूळ, आमच्या तापीसारखंच मातीचं. निळं कुठंच नाही. ती बराच वेळ बघत राहिली. मग मोकळा हात पुढे केला, एक डोळा मिटला, आणि अंगठा जवळच्या लाटेवर, करंगळी जिथं आभाळ टेकतं तिथं, अशी हवेतच वीत धरली.

"आई," ती म्हणाली, "पुरतंय."

मी तिचं मनगट सोडलं आणि माझाही हात वर केला.