चुकल्यावर न हसणारा खेळ

आमची मुलगी तिसरीत गेली आणि रोज सकाळी तिचं पोट दुखायला लागलं. रविवारी दुखायचं नाही. सुट्टीत तर कधीच नाही. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, जीभ पाहिली आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "शाळेत काही होतंय का हिला?"

शाळेत वाचन होत होतं. बाई एकेकाला उभं करून धडा वाचायला लावायच्या. आमची उभी राहिली की तिच्यासमोर अक्षरं जागेवर थांबायचीच नाहीत. इंग्रजीतल्या 'बी'चा 'डी' व्हायचा, मराठीतल्या वेलांट्या इकडच्या तिकडे जायच्या, आणि सगळा वर्ग हसायचा. हे तिनं मला पुष्कळ पुढे, मोठी झाल्यावर नीट सांगितलं. त्या वेळी ती एवढंच म्हणायची, "मला नाही जायचं."

आम्हाला काही उमगत नव्हतं, कारण कानानं ऐकलेलं ती कधी विसरायची नाही. खडकी स्टेशनवरची लोकलची घोषणा ती मराठी, हिंदी, इंग्रजी अशी ओळीनं, मधल्या खरखरीसकट म्हणून दाखवायची. अशी मुलगी दोन ओळी का वाचू शकत नाही? बाईंनी प्रगतिपुस्तकात लिहिलं, 'लक्ष नाही.' आम्हीही तेच धरून चाललो.

तेव्हा आम्ही खडकीत क्वार्टरमध्ये राहायचो. हे दारूगोळा कारखान्यात होते आणि मी कॅम्पातल्या एका सरकारी कचेरीत. आमच्या कचेरीत नुकतेच कम्प्युटर आले होते. आम्हाला शिकवणीला पाठवलं होतं, आणि आम्ही चाळिशीकडे झुकलेल्या बायका माऊस असा धरायचो की जणू तो खरंच उंदीर आहे. पुण्यात जो तो आपल्या मुलाला कम्प्युटर शिकवायला निघाला होता. मैत्रीण म्हणाली, "अगं, हल्ली खेळाच्या सीड्या मिळतात. मुलं खेळता खेळता शिकतात. माझ्या मुलाचे पाढे त्यावरच पाठ झाले."

यांच्या कारखान्यातल्या एका मित्राला जुळवाजुळव जमायची. त्यानं एकेक भाग आणून बाहेरच्या खोलीत कम्प्युटर उभा करून दिला. मी त्यावर क्रोशाचं झाकण घातलं. मैत्रिणीनं एक सीडीही दिली, स्पेलिंगच्या खेळाची. त्यात झाडावर एक माकड बसलेलं असायचं. बरोबर उत्तर आलं की ते केळं खायचं. चुकलं की पोट धरून खदाखदा हसायचं.

मुलगी पहिल्यांदा हौसेनं बसली. एकदा चुकली, माकड हसलं. पुन्हा चुकली, पुन्हा हसलं. ती उठली आणि गॅलरीत जाऊन उभी राहिली.

यांना वाटलं, आवाजाचा त्रास होतोय. त्यांनी मागून स्पीकरची वायर काढली आणि हाक मारली, "ये बाळा, आता नाही ओरडणार ते."

ती आली, बसली. माकड आता आवाज न करता पोट धरून हलत होतं. ती म्हणाली, "पप्पा, ते हसतंयच." मग ती त्या कम्प्युटरजवळ पुन्हा गेली नाही. क्रोशाचं झाकण तेवढं दर आठवड्याला धुतलं जायचं.

मीच हट्ट धरला. मला वाटलं, ही सीडी लहान मुलांची असेल, जरा वरच्या इयत्तेची आणू. एका शनिवारी तिला घेऊन मी बुधवार पेठेत गेले. तिथे एका बोळात सीड्यांचं एक दुकान होतं. दुकानदार साठीच्या पुढचे, पांढरा सदरा, नाकावर घसरलेला चष्मा. भिंतीवर पाटी होती: 'सीडी उघडल्यावर परत घेतली जाणार नाही. कारण सांगू नये.'

मी म्हटलं, "इंग्रजी सुधारेल अशी एखादी सीडी दाखवा ना."

"कोणाचं? तुमचं की हिचं?"

"हिचं."

"मग हिला विचारा. मला काय विचारता?" असं म्हणत त्यांनी तरीही खोक्यांची चळत समोर ठेवली. प्रत्येकावर रंगीत चित्र, वय सहा ते नऊ, वय आठ ते बारा, कुठे सोनेरी शिक्का. मी शिक्केवालं खोकं उचललं. मला आणखी कशावरून निवडायचं ते कळत नव्हतं. कापड घ्यायचं तर आपण हात लावून पाहतो, भाजी दाबून पाहतो. हे बंद खोकं, वर हसरी मुलं.

"ही चांगली आहे का हो?"

"खपते चांगली."

तेवढ्यात मुलीनं माझ्या पदराआडून विचारलं, "आजोबा, यात चुकलं की कोण हसतं?"

दुकानदारांनी चष्मा वर सरकवला.

"म्हणजे?"

"आमच्या घरच्या खेळात माकड हसतं. यात कोण हसतं?"

ते खोकं त्यांनी उलटंपालटं करून पाहिलं. मागची बारीक अक्षरं वाचली. मग म्हणाले, "हे काही लिहिलेलं नाही. आणि मी काही खेळून पाहिलेलं नाही." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलणार होते, पण माझा चेहरा बघूनच बहुधा त्यांना पुरेसं समजलं. घड्याळात एक वाजत आला होता. आजूबाजूच्या दुकानांची शटर खाली येत होती. त्यांनीही आपलं अर्धं खाली ओढलं. मी निघायला वळले.

"कुठे निघालात? बसा. त्या कोपऱ्यातल्या कम्प्युटरवर पाहू या."

"पण तुमची बंद करायची वेळ..."

"बंदच केलंय. गिऱ्हाईक येणार नाही आता, निवांत होईल. आणि तू मला आजोबा म्हणू नकोस. आजोबा मी घरी. इथे काका."

पुण्यातल्या दुकानदारानं दुपारची झोप सोडणं म्हणजे काय, हे मी बाहेरच्यांना समजावू शकणार नाही. त्यांनी मुलीसाठी स्टूल सरकवलं, स्वतः डबा उघडला आणि एका हातानं पोळीभाजी खात दुसऱ्या हातानं एकेक सीडी घालू लागले.

पहिल्या खेळात रॉकेट होतं. गणित सुटेपर्यंत टिकटिक चालायची. मुलीनं कानांवर हात ठेवले. दुसऱ्यात बेडूक होता, चुकलं की तो पाण्यात पडायचा आणि काठावरचे बाकीचे बेडूक डरावडराव करत गडाबडा लोळायचे. "हे पण हसतात," ती म्हणाली. तिसऱ्यात एक मास्तर मान हलवून उसासा टाकायचा.

"हा हसत नाहीये," काका म्हणाले.

"पण त्याला कंटाळा आलाय माझा."

काकांनी घास तसाच हातात ठेवला आणि सीडी काढली.

मग एक साधाच खेळ निघाला. खोक्यावर ना शिक्का, ना हसरी मुलं. एक नदी, एक नाव. अल्याड अक्षरं उभी असायची. नावेत बसवून शब्द पल्याड न्यायचा. अक्षराला हात लावला की त्याचा उच्चार ऐकू यायचा, आणि तेच अक्षर उजळायचं. चुकीचं अक्षर बसवलं तर नाव अर्ध्यावरून मागे फिरायची, पुन्हा काठाला लागायची आणि तिथेच उभी राहायची. कोणी काही म्हणायचं नाही. घड्याळ नव्हतं. फक्त पाण्याचा आवाज.

पहिल्यांदा नाव परत आली तेव्हा मुलीनं मागे वळून आधी माझ्याकडे, मग काकांकडे पाहिलं. आमच्यापैकीही कोणी हसलं नाही. ती पुन्हा स्क्रीनकडे वळली. अक्षर दाबायची, ऐकायची, ओठांनी तसंच म्हणायची आणि बोटानं काचेवर त्याचं वळण गिरवायची. कानानं तिला कधी दगा दिलाच नव्हता. ती आता कानाचा हात धरून अक्षराकडे चालली होती. मला ते त्या वेळी इतकं स्पष्ट कळलं नाही. मला फक्त दिसलं की पोट दुखणारी माझी मुलगी स्टुलावर पाय हलवत बसली आहे.

काकांनी डबा बंद केला. "उचला ही. कोपऱ्यात धूळ खात पडली होती, कोणी विचारत नव्हतं."

निघताना ते मुलीला म्हणाले, "पुढच्या शनिवारी नवीन माल येतोय. येऊन जा. मला काही समजत नाही त्यातलं. कोणती हसते, कोणती नाही, तेवढं तपासून दे."

मला वाटलं, मुलीचं मन राखायला म्हणाले असतील. पुढच्या शनिवारी तिनंच सकाळपासून घोशा लावला. आम्ही गेलो तर काकांनी खरोखरच सीड्या बाजूला काढून ठेवल्या होत्या. मग ते नेहमीचंच झालं. मी मंडईतून भाजी आणेपर्यंत ती स्टुलावर बसून खेळ तपासायची. "ही घाई करते." "ही ओरडते, पण हसत नाही." "ही चांगली आहे, पण बोलतेच नाही, नुसती लिहिते." काका चळतीत सीड्या इकडून तिकडे ठेवायचे.

एकदा मी परत आले तेव्हा दुकानात इस्त्रीच्या शर्टातले एक गृहस्थ उभे होते, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, सोबत जाड चष्म्याची त्यांची मुलगी. ते म्हणत होते, "काहीतरी ॲडव्हान्स्ड द्या. तिच्या लेव्हलच्या वरचं. कॉम्पिटिशन किती आहे हल्ली."

"थांबा," काका म्हणाले, "आमच्या तज्ज्ञांना विचारतो."

गृहस्थांना वाटलं, आतून कोणी येणार. स्टुलावरून आमची मुलगी उतरली. तिनं त्या गृहस्थांकडे पाहिलंसुद्धा नाही. चष्मेवालीसमोर उभी राहून तिनं विचारलं, "तुला घाई केलेली आवडते का?"

त्या मुलीनं वडिलांकडे पाहिलं. मग हळूच मान हलवली. नाही.

"मग ही घे," असं म्हणून आमच्या मुलीनं चळतीतून नावेच्या खेळाची दुसरी सीडी काढून दिली.

गृहस्थ म्हणाले, "अहो, पण ही तर फारच बेसिक वाटते."

"तुम्हाला वाटते," काका म्हणाले. "खेळणार ती आहे ना?"

गृहस्थ जरा चिडले, मग लेकीकडे पाहून त्यांनी पाकीट काढलं. ती खोकं छातीशी धरून केव्हाच दाराकडे निघाली होती.

घरी क्रोशाचं झाकण आता दिवसभर खुर्चीवर पडलेलं असायचं. नावेच्या खेळानं सगळं झालं असं मी म्हणणार नाही. पुढे चौथीत एका समुपदेशक बाईंनी मुलीच्या अडचणीला नाव दिलं, ती आळशी नाही हे आम्हाला समजावलं, शाळेलाही लिहून दिलं. रोज संध्याकाळी हे तिच्याशेजारी बसून धडा मोठ्यानं वाचायचे आणि ती ओळीखाली बोट धरून ऐकायची. कारखान्यातून दमून आलेला माणूस तिसरी-चौथीचे धडे असे रंगून वाचायचा की मी स्वयंपाकघरातून ऐकत राहायचे.

मग एके दिवशी जेवताना भाकरी मोडत ती सहज म्हणाली, "आज मी वर्गात वाचलं."

यांनी विचारलं, "किती?"

"अख्खा परिच्छेद."

"मग?" मी विचारलं. "कोणी काही म्हणालं?"

"मधे एकदा चुकले, तेव्हा दोघंतिघं हसली."

"मग तू काय केलंस?"

"थांबले. त्यांचं हसून झाल्यावर पुढचं वाचलं." आणि तिनं आमटी मागितली. हे उठून हात धुवायला गेले आणि बराच वेळ नळ सोडून उभे राहिले.

हे काकांना आपणच सांगायचं, असं तिनं ठरवलं. पण दुकानात नाही. वैशाखी पौर्णिमा जवळ आली होती. आमच्या वस्तीतल्या विहारात त्या दिवशी सकाळी वंदना असते आणि नंतर खीर. तिनं काकांना बोलावलं. मी मनात म्हटलं, पेठेतला म्हातारा माणूस, उन्हाचा खडकीपर्यंत कशाला येतोय.

ते आले. लोकलनं आले, डोक्यावर टोपी, हातात आंब्यांची पिशवी. दारात थांबून त्यांनी मुलीला विचारलं, "चपला कुठे काढायच्या?" तिनं जागा दाखवली. सगळे सतरंजीवर बसले होते, तेही मागच्या रांगेत गुडघे सावरत बसले. वंदना चालू असताना शब्द येत नव्हते म्हणून नुसते हात जोडून राहिले. नंतर मुलीनं स्वतः त्यांना खीर वाढली आणि समोर बसून वर्गातली सगळी हकिगत सांगितली. ऐकून झाल्यावर त्यांनी द्रोण पुढे केला.

"आणखी?" तिनं विचारलं.

"म्हणजे काय. बरी झालीये."

आम्ही तिघं त्यांना स्टेशनवर सोडायला गेलो. गाडीला उशीर होता. ती दोघं बाकावर बसून आंबा कापून खावा की चोखून, यावर वाद घालत होती, आणि दोघंही मागे हटत नव्हती. हे पाण्याची बाटली आणायला गेले. लोकल आली, काका चढले, खिडकीशी बसले. गाडी हलली तरी त्यांनी आमच्याकडे पाहिलं नाही. मला वाटलं, झालं, आता नाही बघत. मग खिडकीच्या गजांमधून त्यांचा हात बाहेर आला, आणि फलाट संपेपर्यंत तसाच हलत राहिला.