ठमीची कात

आधीच सांगते, अमानवीय वगैरे गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. आमचे मिस्टर दर पौर्णिमेला विहारात अंधश्रद्धेवर बोलायचे. ते गेल्यावरही आमच्या घरात 'बाहेरचं' हा शब्द कुणी काढत नाही. तरी हे लिहितेय, कारण माझ्याच घरात जे घडलं त्याचं काय करू कळत नाही... आणि खरं सांगायचं तर भीतीपेक्षा लाजच जास्त वाटते.

आम्ही नाशिकरोडला, जेल रोडकडच्या एका कॉलनीत दुसऱ्या मजल्यावर राहत होतो, मी आणि माझी मुलगी प्रज्ञा. ती सिन्नरच्या एमआयडीसीत लॅबमध्ये नोकरीला. तिने पुण्याच्या एका मैत्रिणीकडून कोळी आणला. घरात भिंतीवर दिसतो तो नव्हे — टॅरंट्युला, तळहाताएवढा, अंगभर केस. मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. पण तो कोळी, म्हणजे ती मादी, अगदी गरीब गाय निघाली. हातावर घेतली तरी चावायची नाही. दिवसदिवस एका जागी ठम्म बसायची म्हणून नाव पडलं ठमी. आठवड्याला दोन झुरळं, थोडं पाणी, संपलं. तिचा मागचा डावा पाय आखूड होता; कधीतरी तुटून नव्याने आलेला.

गेल्या वर्षी प्रज्ञा ट्रेनिंगसाठी पंधरा दिवस पुण्याला गेली. जाताना मला बजावून गेली, "आई, ही मेली तर पाय पोटाशी आखडून घेईल. पण पाठीवर उलटी पडलेली दिसली, तर मेली समजू नको. कात टाकत असते. तेव्हा हातसुद्धा लावायचा नाही."

"बरं बाई," मी म्हणाले.

तिचं लग्न तेव्हा ठरत आलं होतं. मुलाने-मुलीने एकमेकांना पसंत केलेलं, फक्त त्याचे आईवडील मालेगावहून घर बघायला यायचे राहिले होते. त्यांचा शनिवारी फोन आला, उद्या अकराला येतो. प्रज्ञा म्हणाली, "येऊ दे की, त्यांना घरच बघायचंय." रविवारी सकाळी सातला मी तिची खोली झाडायला गेले, तर ठमी काचेच्या पेटीत पाठीवर उलटी.

मला माहीत होतं. हे मी लपवणार नाही, मला चांगलं माहीत होतं. एक पाय हळूच हलतही होता. पण डोक्यात एकच — मुलाची आई या खोलीत येणार, हे उताणं पडलेलं केसाळ ध्यान बघणार आणि मालेगावभर सांगणार की पोरगी किडे पाळते. बापाविना वाढलेली मुलगी, लोकांना बोलायला काय लागतं. मी ठमीला सुपलीत घेतलं, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात टाकलं आणि झाकणावर चिकटपट्टी मारली. तेवढ्यात खाली घंटागाडी आलीच.

"मावशी, ओला का सुका?" गाडीवरच्या बाईने विचारलं.

"सुका," मी म्हणाले.

तिने डबा माझ्यासमोर आत टाकला. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत मी बघत उभी होते. मग पेटीतली माती कुंडीत ओतली, पेटी गरम पाण्याने घासली, उन्हात वाळवली, झाकणाची क्लिप लावून कपाटावर ठेवून दिली.

पाहुणे आले. पोहे झाले, चहा झाला. मग मुलाची आई इकडेतिकडे बघत म्हणाली, "ताई, ती ठमी कुठं हाय? पोरानं फोटो दाखवला होता. म्हटलं नाशिकला गेलो का पहिले तिलाच बघू."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. "मेली हो, कालच," मी म्हणाले. बाई खूप हळहळल्या.

संध्याकाळी प्रज्ञाला फोन केला. ठमी मेल्याचं सांगितलं. तिने लगेच विचारलं, "उलटी होती का गं?"

"नाही गं. सरळच. पाय पोटाशी आखडलेले. गॅलरीतल्या कुंडीत पुरली मी."

तिनेच शिकवलेलं तिच्यावरच उलटवलं. ती तिकडे रडत होती आणि मी इकडून "अगं, किडाच तो" म्हणत होते.

आठ दिवसांनी ती परत आली. दुपारचे दोन-अडीच असतील. कपाटावरची पेटी काढली आणि मला हाक मारली, "आई, इकडे ये."

पेटीच्या मधोमध, कोरड्या काचेवर, कात पडली होती. अख्खी. आठही पाय, दातांसकट. झाकणाची क्लिप लागलेली. प्रज्ञाने बोट लावून बघितलं. "ओलसर आहे अजून. आजची, फार तर कालची."

मागचा डावा पाय आखूड होता.

तुम्ही म्हणाल, जुनी असेल. जुन्या दोन काती तिच्या ड्रॉवरमध्ये डबीत आहेत, मी लगेच जाऊन बघितल्या. वाळून पापड झाल्यात. पेटी मी स्वतः घासलेली, घराची किल्ली आम्हा दोघींकडेच. आणि डबा गाडीत पडताना मी या डोळ्यांनी पाहिलाय...

प्रज्ञाने गॅलरीतली कुंडी उकरली. आत काहीच नाही, असणार कसं? पण तिचा चेहरा उजळला. "बघ, मेलीच नव्हती! माती उकरून निघाली आणि घरात परत आली. क्लिप नीट बसली नसेल तेव्हा." मग मला जवळ घेऊन म्हणाली, "तू वाईट वाटून घेऊ नको, आई. भल्याभल्यांना कळत नाही."

तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोलले. उलट महिनाभर तिच्याबरोबर टॉर्च घेऊन पलंगाखाली, माळ्यावर, गॅस सिलिंडरच्या मागे ठमीला शोधत राहिले. कात कुठून आली याचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं, आजही नाही. कुणाला विचारायचं तर आधी घंटागाडीचं सांगावं लागेल.

आता प्रज्ञा सासरी आहे. गेल्या महिन्यात तिच्याकडे गेले होते. चहा ठेवताना विहीणबाई शेजारणीला माझी ओळख करून देत होत्या, "ह्या आमच्या सूनबाईच्या आई. पोरीच्या एका कोळ्यासाठी या वयात महिनाभर घर पालथं घातलं यांनी. लय जीव लावतात."

प्रज्ञा माझ्याकडे बघून हसली. मी मान खाली घालून चहा प्यायले.