साडूंची फौजी जीप

लष्कराने टाकून दिलेली नाही ती वस्तू माझ्या थोरल्या साडूंच्या लेखी वस्तूच नव्हती. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान पिंपरी पेंढारला राहत. बागायत बऱ्यापैकी, पण नव्वदच्या दशकात सगळा गाव टोमॅटोच्या मागे लागला तेव्हा साडू फौजेच्या लिलावातल्या मोडक्या जीपांच्या मागे लागले. कांदा साठवायच्या बराखीत इंजिनं आणि कांदा बाहेर, अशी त्यांची शेती. अंगणात पाच जीपा उभ्या. कुणाला चाक नाही, कुणाला बॉनेट नाही. एकीच्या सीटवर कोंबडी अंडी घालायची आणि साडू तिला उठवायचे नाहीत. अक्का, म्हणजे त्यांची बायको, आल्यागेल्याला ओळख करून द्यायची, "या माझ्या सवती. पाच हायेत, पण एकीलाबी पळून जाता येत न्हाई."

'ओरिजिनल' हा साडूंच्या तोंडचा सर्वांत मोठा शब्द. एका ओरिजिनल बोल्टासाठी ते पुण्याच्या जुन्या बाजारात महिनोन्महिने चकरा मारायचे. एकदा तिथून स्टिअरिंगचं चाक घेऊन एसटीत बसले. चाक मांडीवर, आणि प्रत्येक वळणाला हात आपोआप फिरताहेत. शेजारच्या म्हातारीनं बराच वेळ पाहिलं आणि काळजीनं विचारलं, "भाऊ, गाडी तुमी चालवताय का तो म्होरचा?" धाकट्या मेव्हणीसाठी स्थळ पाहायला गेलो होतो, तेव्हा आम्ही सगळे मुलाचा पगार आणि पाण्याची सोय विचारत होतो. साडू डोळे मिटून नुसते ऐकत बसले. बाहेर पडल्यावर म्हणाले, "पावणं, पोरगं वरून झकास हाये, पण आतून कुठंतरी आवाज येतोय." स्थळ मोडलं. पुढे त्या पोराच्या दारूचा आवाज साऱ्या तालुक्यानं ऐकला.

अक्का चेष्टा करायची, पण मदतीलाही तीच. साडू गाडीखाली उताणे, अक्का शेजारी बसून भाजी निवडतेय, मधूनच खालून काळा हात बाहेर येतो आणि ती त्यात हवा तो पाना ठेवते, असा त्यांचा संसार होता. साडूंच्या पोटातलं जे काही असेल ते गाडीखालून बाहेर यायचं आणि ते फक्त तिच्याशी.

मग एका पावसाळ्यात, भर दुपारी गवत कापताना अक्काला घोणस चावली. पाच जीपांपैकी एकच तेव्हा चालत होती. पण ओरिजिनल गिअरबॉक्स मिळाला म्हणून साडूंनी आदल्याच दिवशी तिचा चांगला चालता गिअरबॉक्स उतरवून ठेवला होता. ते वस्तीवरून रस्त्यापर्यंत धावत गेले, कुणाची तरी मोटारसायकल अडवली आणि दोघांच्या मधे अक्काला धरून दवाखान्यात नेलं. दुसऱ्या संध्याकाळी ती गेली. डॉक्टर म्हणाले, "एवढं विष भिनल्यावर लवकर आणूनही सांगता येत नाही." साडूंनी त्यातलं 'लवकर' एवढंच ऐकलं. तिला घरी आणायला गाडी मिळेना. शेवटी टोमॅटोचा एक टेम्पो मिळाला. रिकामे क्रेट बाजूला सारून त्यात तिला ठेवलं. साडू मागे तिच्यापाशी बसले आणि खड्डा आला की क्रेट तिच्या अंगावर येऊ नयेत म्हणून दोन्ही हातांनी धरून राहिले.

वर्षश्राद्ध होण्याआधीच चार जीपा भंगारात गेल्या. पाचवी त्यांनी चालू केली. तिला ट्रॅक्टरचा रेडिएटर, टेम्पोचे आरसे, मिळेल तो बोल्ट. मी चकित होऊन पाहत होतो, तर म्हणाले, "चालायला पायजे, पावणं. बाकी काय न्हाई." टाकी सदा भरलेली, किल्ली गाडीलाच. कुणीही आजारी पडलं, कुठलाही रस्ता असला तरी बोलवा, असं ते गावोगाव सांगून आले.

पहिला रोगी, छातीत कळ आलेला एक म्हातारा, वाटेतच गेला. दुसरी एक बाई दवाखान्याच्या दारात. झालं. त्यानंतर जिवंत माणूस त्या जीपमध्ये बसेना. मेल्यावर मात्र सगळे बसायचे. घोडेगावच्या पलीकडे डोंगरात जिथं दुसरी गाडी चढत नसे तिथं मयत पोचवायला साडूंचीच जीप लागायची. त्या जीपचा घरघराट खिंडीत ऐकू आला की बायका पदर तोंडाला लावून ओट्यावर यायच्या आणि आज कुणाच्या दारी थांबते ते बघायच्या. साडू मला म्हणाले, "यमाला रेडा तरी हाये. मला चार चाकांची पावर लागती."

मी तेव्हा घोडेगावला नोकरीला होतो. एका रविवारी त्यांच्याबरोबर असाच डोंगरात गेलो. मयत पोचवून निघणार तोच एक गडी चिखलातून धावत आला. बायको सकाळपासून अडली होती. आम्ही त्याच्या दारात गेलो, तर त्याची आई उंबऱ्यात आडवी उभी राहिली. "त्या गाडीत न्हाई! आत्ताच मढं उतारलंय तिच्यातनं."

साडू मान खाली घालून किल्लीशी चाळा करत राहिले. आतून त्या पोरीचाच आवाज आला, "आत्या, मढ्याचं व्हायचं ते झालं. मला बसवा आता."

तो उतार मी विसरणार नाही. रस्ता म्हणजे ओढा झालेला. साडू दात आवळून गाडी धरत होते आणि प्रत्येक धोंड्याला मागे न पाहता म्हणत होते, "दमानं गं बाय, दमानं." दवाखान्यात तिला आत नेलं आणि आम्ही भिंतीला टेकून बसलो. बऱ्याच वेळानं सासू बाहेर आली. "पोरगी झाली."

"आन् तिची आय?" साडूंनी विचारलं.

"बरी हाय."

साडू उठले, जीपपाशी गेले आणि तिच्या दाराला धरून लहान पोरासारखे रडले. अक्का गेली तेव्हा ते रडले नव्हते.

यानंतर आजारी माणसं त्यांच्या जीपमध्ये बसू लागली, असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. लोक भीतच राहिले आणि साडू मयत पोचवत राहिले. पण ती मुलगी मोठी झाली. डोंगरातल्या त्या वाटेवर जीप दिसली की बाकीची पोरं घरात पळायची आणि ती एकटी रस्त्यात येऊन हात करायची. साडू तिच्यासाठी गाडी थांबवायचे, तिला पुढे घ्यायचे, स्टिअरिंगवर हात ठेवू द्यायचे आणि शाळेपर्यंत सोडायचे. मागे कुणी असलं तरी. त्याला तशीही घाई नसायची.