थुंकलेला घोट

कारंजाच्या धान्यबाजारात जगदेव हा दातांवर जगणारा माणूस. नानाजी अडत्याकडे ज्वारीची गाडी आली, की तो पोत्यातून पाच दाणे काढून चावायचा. कट्ट वाजलं तर माल वाळलेला, दबला तर ओला. मग चवीवरून जुन्या मालाची भेसळ सांगायचा आणि बाजूला थुंकायचा. अकरा वर्षांत त्याने एक दाणा गिळला नव्हता. दुसऱ्याचा माल गिळला तर ती चोरीच. छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून पंचशीलाच्या बाबतीत तो व्याकरणाच्या मास्तरासारखा कडक होता. विहारात दर पौर्णिमेला वंदना तोच सांगायचा, बाकीचे त्याच्यामागून म्हणायचे. आयुष्यात त्याला एवढा एकच मान होता.

चौऱ्याहत्तरच्या हिवाळ्यात नानाजींचे जावई फ्रान्समधून आले. येताना त्यांनी बोर्दो नावाच्या मुलखातली लाल वाइन आणली. अडतीच्या मागच्या खोलीत बाटली उघडली आणि जावयाला लहर आली. "तुमच्या त्या दाणे चावणाऱ्याला बोलवा. तिकडंही पारखी लोक घोट तोंडात घोळवतात आणि थुंकून टाकतात."

"मी दारू पीत नाही," जगदेव म्हणाला.

"पी कोन म्हनते बे?" नानाजी म्हणाले. "जवारीसारखं कर. पारख, थुक."

घरचा ग्लास बौद्ध वस्तीतल्या जगदेवच्या हातात जाताना नानाजींचा चेहरा तुरट झाला. वाइन अजून त्यांनी चाखली नव्हती.

जगदेवने घोट घेतला, गालात फिरवला आणि राखेच्या घमेल्यात थुंकला. "दोन जातीचा माल हाय. तुरट जास्त, नरम कमी. लाकडाचाबी वास येते. जमीन कोनती, मुरमाड का काळी?"

"नदीकाठची, गोट्यांची."

"मंग बराबर. काळ्या जमिनीत द्राक्ष पान्यानं फुगलं असतं."

जावई उडालेच. माल खरंच दोन जातींच्या द्राक्षांचा होता: काबर्ने जास्त, मेर्लो कमी, आणि वर्षभर लाकडी पिंपात ठेवलेला. नानाजींनी मग वेगळा ग्लास भरून अख्खा रिचवला आणि "औषधासारखी हाय" असा अभिप्राय दिला.

दाराशी धान्य झाडणाऱ्या चतुराबाईने जगदेवच्या तोंडाला लागलेला ग्लास पाहिला आणि ती सूप घेऊन वळली. थुंकणं तिने पाहिलं नाही. संध्याकाळपर्यंत वस्तीच्या तोंडी जगदेवने अख्खी बाटली संपवली होती.

विहार समितीचे अध्यक्ष मारोतराव यांनी बैठक बोलावली.

"तोंडात घेतली का नाही?"

"घेतली. थुकलो."

"तोंडात गेली म्हंजे गेली."

"असं कसं? मंग अकरा वर्सं मी लोकायची जवारी चोरून खाऊन राह्यलो का? बसवा न मले जेलात!"

"साक्षीदार आन."

जावई मुंबईला निघून गेले होते. उरले नानाजी. जगदेव त्यांच्याकडे गेला तेव्हा त्यांच्या गादीवर चार प्रतिष्ठित मंडळी बसली होती. नानाजी शांतपणे म्हणाले, "कोनती बाटली? माह्या अडतीत असलं काही येत नाही." रिचवणाऱ्याची अब्रू शाबूत राहिली आणि थुंकणारा दारुडा ठरला. याला आमच्याकडे लोकमत म्हणतात.

समितीने उदार होऊन तोडगा काढला: माफी माग, पुन्हा शील घे, पुन्हा वंदना सांग.

"शील मी दर पुनवेले घेतो," जगदेव म्हणाला, "पन माफी कायची? चुकलो असतो तं पाय धरले असते!"

पौर्णिमेला मारोतराव पुढे बसले. जगदेव बायको बेबीताईसह शेवटच्या ओळीत. दुसऱ्या शीलापर्यंत मारोतराव ठीक गेले, तिसऱ्याला अडकले. खाकरले. पुन्हा पहिल्यापासून आले, पुन्हा तिथेच अडकले.

"अवो, सांगा न," बेबीताईने कोपर मारलं. "बुद्धानं काय केलं तुमचं?"

जगदेवने जागेवरूनच तिसरं शील म्हटलं, मग चौथं, मग पाचवं, मद्याचं, एकही अक्षर न गाळता. सगळा विहार त्याच्यामागून म्हणाला, मारोतरावांसकट.

"ये जगदेवा, पुढं ये," शेवटी मारोतराव म्हणाले.

"पयले वहीत लिवा, मी थुकलो होतो म्हनून."

समितीने वही उघडली, विचार केला आणि मिटली. चार वर्षं झाली, विषय अजून विचाराधीन आहे. दर पौर्णिमेला वंदना शेवटच्या ओळीतून सांगितली जाते आणि अध्यक्ष पुढे बसून ती मागून म्हणतात.