पोशेऱ्याचे वाली-सुग्रीव

नाटकाचा तिसरा अंक अडला होता आणि आमच्या नाटक मंडळीचे मालक रोज सकाळी माझ्याकडे चहाला येऊ लागले होते. उठताना ते एवढंच विचारत, "काय, मेला का वाली?" वाली मरत नव्हता. दोघा भावांच्या युद्धाचा प्रवेश मी लिहायचो, वाचायचो आणि फाडायचो.

तेवढ्यात माझा मेहुणा विनायक गिरगावात आमच्याकडे आला. तो मोखाड्याला शाळामास्तर आहे. म्हणाला, "आमच्या बाजूला बोहाडा आहे. देवीच्या उत्सवात लोक मुखवटे घालून सोंगं नाचवतात. पोशेऱ्यात वाली-सुग्रीवही निघतात." मी लगेच पिशवी भरली. बायको म्हणाली, "लिहायचं टाकून नाच बघायला निघालात?" मला घरात बसवेना.

डहाणूपर्यंत आगगाडी, पुढे बैलगाडी. ज्यांना जायचं असेल त्यांनी भाडं स्टेशनावरच ठरवावं, गाडीला ताडपत्री आहे ना ते बघावं आणि पाणी बरोबर घ्यावं. चैत्रात ओढे आटलेले असतात. घाटात बैल थकले की उतरून चालावं लागतं. मला ते बरंच वाटलं. बसलो की तिसरा अंक आठवायचा.

जव्हारला विनायकचं दरबारच्या कचेरीत काम होतं, म्हणून धर्मशाळेत मुक्काम केला. गाव उंचावर, हवा सुरेख, राजेसाहेबांच्या वाड्याकडे जाणारा रस्ता झाडून लख्ख. पण मी बाजारात नुसत्या येरझारा घालत होतो. शेवटी एक बांगडीवाली म्हणाली, "दादा, काय हरवलं काय तुमचं?"

दुसऱ्या दिवशी जव्हार संस्थानाची हद्द ओलांडून मोखाडा, आणि तिथून पोशेरा. सोमा नावाच्या शेतकऱ्याच्या अंगणात उतरलो. वालीचा मुखवटा त्याच्या घरचा. तो उन्हात बसून त्याला गेरूचा हात देत होता. सुग्रीवाचा मुखवटा त्याचा धाकटा भाऊ काळू याच्याकडे. बांधावरच्या मोहाच्या झाडावरून दोघांचं बोलणं बंद होतं. नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी वाढता वाढता सोमाची बायको विनायकला म्हणाली, "मास्तर, यांना सांगा ना, औंदा नका नाचू. काळूच्या मनात राग हाय."

सोमा मान वर न करता म्हणाला, "मुखवटा घरचा हाय. दुसऱ्याच्या तोंडाला लागायचा नाय. मी नाय नाचलो तर वाली कोन?"

सोंगं रात्रभर नाचली; वाली-सुग्रीवाची पाळी आली तेव्हा उजाडलं होतं. संबळ वाजत होता. दोघं ठरलेल्या पावलांनी पुढे येत, लाकडी गदा एकमेकींना टेकवत आणि मागे सरत. मी मनातल्या मनात त्यांच्या तोंडी संवाद घालत होतो. इतक्यात काळूची गदा सोमाच्या खांद्यावर बसली. खरी बसली. लोकांना वाटलं सोंग रंगलं. ते ओरडू लागले. सोमाने उलट हाणली, ती काळूच्या मुखवट्यावर. मुखवटा गालापासून फाटला आणि डोळ्यांवर घसरला. काळूला दिसेना. तो गोल गोल फिरत हवेत गदा मारत राहिला. विनायक माझा दंड धरून म्हणाला, "आता मरेल कुणीतरी."

सोमाने गदा टाकली. पुढे जाऊन त्याने काळूचे दोन्ही हात धरले, आणि सोडून त्याच्या पायाशी आडवा झाला. सोंगात वालीला मरायचंच होतं.

"मारलंस रं मला," तो खालूनच म्हणाला. "आता थांब."

काळूने मुखवटा काढला. रिंगणात तसा काढत नाहीत. बायकांत कुजबुज झाली. भावाच्या खांद्यावरचं रक्त बघून तो मटकन खाली बसला.

"मोवाचं झाड तूच ठेव, दादा."

"गप. आदी पाणी दे."

संबळवाला वाजवतच होता.

मला तिथे थांबवेना. दुपारीच निघालो आणि खोडाळ्यावरून इगतपुरी गाठली. वाट खडतर आहे, बायकामुलांना घेऊन या बाजूने जाऊ नये. गाडीच्या धक्क्यांत मी प्रवेश लिहून काढला: लढाई, आणि खाली पडलेला वाली भावाकडे पाणी मागतो, एवढंच. घरी वाचून दाखवला तर मालक म्हणाले, "आणि पद?" वालीचं काम करणारे नट तर रुसूनच बसले, गाणं म्हटल्याशिवाय ते आजवर कधी मेले नव्हते. मी हट्ट सोडला नाही.

पहिल्या प्रयोगाला नटवर्य पडले, त्यांनी पाणी मागितलं, आणि सारं थिएटर गप्प झालं. मग पिटातून कुणीतरी ओरडलं, "वन्स मोअर!" टाळ्यांचा कडकडाट झाला. नटवर्य उठले, अंगरखा झटकला, प्रेक्षकांना नमस्कार केला आणि पुन्हा मेले.

मालकांनी मला मिठी मारली. घरी आलो तर बायको जेवणासाठी थांबलेली. "कसं झालं?" तिने विचारलं. मी म्हणालो, "उत्तम." सोमाचा खांदा भरून आला का, हे मी विनायकला अजून विचारलेलं नाही. टाळ्या मी घेतल्या होत्या.

उद्या पुन्हा प्रयोग आहे. तिकिटं आजच संपली.