मालसुनबाईच्या बाकावर पहिला नंबर

आमच्या बंदरावर मालसुनबाईच्या हाताखालून न गेलेली बाई सापडणं कठीण. मालक तोकसूच्या सार्वजनिक स्नानगृहात, बायकांच्या बाजूला, वाफेत एक गुलाबी रेक्झिनचा बाक आहे. तो तिचा. हातात मोज्यासारखी खरखरीत पिशवी चढवून ती मळ असा काढते की बाई उठते ती उकडलेल्या कोळंबीसारखी लाल होऊन, आणि वर आभार मानते. एक बाजू झाली की मालसुन ओले तळवे एकमेकांवर आपटते, फट्! म्हणजे वळा. पाळकसाहेबांच्या बायकोलाही फट्, मासेवालीलाही फट्.

चर्चमध्ये मात्र ही बाई मुकी. श्रद्धेची साक्ष द्यायला उभी केली की खोकते आणि खाली बसते. "मला बोलता येत नाही," म्हणते. आमच्या गल्लीतली मांजरंसुद्धा तिच्या जिभेला टरकतात; पण देवाचं नाव निघालं की तिची वाचा बसते, हे खरं.

त्या हिवाळ्यात देवऋषीण गुन्येला अर्धांगवायू झाला. उभा जन्म दारात बांबूचा झेंडा लावून, अंगात देवता आणून नाचलेली म्हातारी. आता तिला आंघोळ घालायला कुत्रं फिरकेना. मालसुनने तिला सरळ पाठुंगळी मारलं, स्नानगृहात आणलं आणि बाकावर निजवलं.

हौदातल्या बायका बेडकांसारख्या बाहेर पडल्या. पुढे आली यंगिम. चर्चचा कारभार बघणाऱ्या वडीलसाहेबांची बायको, महिला मंडळाची प्रमुख आणि वर तोकसूची थोरली बहीण.

"अगं, हिच्या अंगातलं पाण्यात उतरलं म्हणजे?"

"नुसता मळ उतरतोय, ताई. तुमच्यापेक्षा कमीच."

"निदान येशूबद्दल चार शब्द तरी सांगितलेस का हिला?"

"कानात साबण होता तिच्या."

दुसऱ्या दिवशी तोकसू फरशीकडे बघत म्हणाला, "काकू, ताई म्हणते, म्हातारी येणार असेल तर नव्या वर्षापासून बाक दुसरीला द्यायचा. मला भांडण नको बुवा."

नवरा समुद्रात बुडाल्यावर मालसुनने दोन मुली त्याच बाकावर वाढवल्या होत्या. दुसरं काही तिला येत नव्हतं.

आणि पुढच्या मंगळवारी ती पुन्हा पाठीवर गुन्येला घेऊन हजर!

"खाली ठेव गं मला," म्हातारी कुरकुरली. "माझ्यापायी तुझ्या पोटावर पाय येईल."

"गप पडून राहा. बोलायचंच असेल तर तुझ्या देवतांशी बोल. माझे हात गुंतलेत."

महिनाभर मंडळाच्या बायकांनी बाकाकडे पाठ फिरवली. पण चांद्र नववर्ष आलं. जुन्या वर्षाचा मळ अंगावर घेऊन नव्या वर्षात कोण जाणार? आदल्या दिवशी सगळ्या हजर. ज्या क्रमाने भिंतीवरच्या खिळ्यांना कपाटाच्या किल्ल्या अडकवायच्या, त्या क्रमाने नंबर. यंगिम पहाटेच आली, तर पहिल्या खिळ्यावर किल्ली लटकलेली. गुन्येची. मालसुनने स्वतः अडकवलेली.

यंगिमने ती किल्ली काढली आणि आपली अडकवली.

मालसुनने हातातली पिशवी उतरवून बाकावर ठेवली. "तिची किल्ली जागेवर जाईपर्यंत ही हातात चढणार नाही. बाक उद्या न्यायचाय ना? आज न्या. आणि घासा एकमेकींच्या पाठी!"

मग मागून कोणीतरी म्हणालं, "यंगिमताई, सोडा की आता. घरी तांदळाच्या वड्या कापायच्यात अजून."

यंगिमने किल्ल्या बदलल्या. एवढ्या जोरात, की खिळा वाकला.

मालसुनने गुन्येला सावकाश घासलं. लुळा पाय उचलेना, तेव्हा गुडघे टेकून बोटाबोटांमधली घाण काढली. म्हातारी ओरडली, "तुझा देव फार दुखवतो गं!" मालसुन पहिल्यांदाच हसली. म्हातारीला हौदात बसवून तिने बाकावर गरम पाणी ओतलं आणि दुसऱ्या खिळ्याकडे बघितलं.

यंगिम घरी जाऊ शकली असती. ती आली आणि ओंडक्यासारखी पालथी पडली. मालसुनने तिला जास्त रगडलं नाही, कमीही नाही. जेवढं गुन्येला, तेवढंच.

"बाकाचं... तोकसूशी बोलते मी," यंगिम रेक्झिनमध्ये तोंड खुपसून पुटपुटली.

फट्!

"ते नंतर. आधी वळा, ताई."